पायाळू

आत्या पायाळू होती. जन्मताना तिचे पाय आधी आले, डोकं मागून. शंभर वर्षांपूर्वीचं बाळंतपण, घरातच, चिमणीच्या उजेडात. मूल आणि बाळंतीण दोघीही जगल्या याचंच खरं तर नवल. पण आजीच्या लक्षात राहिलं ते सुईणीचं वाक्य : पोर पायाळू आहे, विजेपासून जपा.

पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत महाराष्ट्रात आहे तशी आमच्या धारवाडातही होती. या समजुतीला जोडून दोन देणग्याही येतात. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं, आणि उसण भरलेल्या पाठीला त्याचा पाय लागला की उसण उतरते. धन आमच्या घरात कुणाला दिसलं नाही. उसण मात्र उतरायची, निदान येणारे तसं सांगायचे. माळमड्डीत आमचं मंगळुरी कौलांचं घर. सकाळी सकाळी कट्ट्यावर कुणीतरी कमरेला हात लावून बसलेलं असायचं. ‘अक्कार, स्वल्प काल मुट्टसरी.’ जरा पाय लावा. आत्या पदर खोचायची, भिंतीचा आधार घ्यायची आणि पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीला पायाचा अंगठा तीनदा टेकवायची. कुणी नारळ आणला तर तो त्याच्याच हातात परत द्यायची. माणूस उठून चालू लागला की ती पाय धुऊन स्वयंपाकघरात. चेहऱ्यावर काही नाही. मला मात्र त्या पायाचा फार अभिमान वाटायचा.

पुढं कळलं की त्याच पायांबद्दल दुसरंही काही बोललं जात होतं. लग्नानंतर चार वर्षांत ती विधवा होऊन परत आली होती. सासरच्यांनी पायगुण काढला होता. आपल्या भाषेला बाईच्या पायांचा फार सोस. पायगुण तिचा, पांढरे पायही तिचेच. पुरुषाच्या पायांना मराठीनं फारसं काही चिकटवलेलं नाही. आत्याच्या पायांवर हे सगळं एकदम येऊन बसलं होतं. एका पायानं दुसऱ्याची पाठ बरी करायची, आणि रात्री आपण कुणाच्या मरणाला पायरी झालो का, असा विचार करत कूस बदलायची.

एप्रिल सरत आला की दुपारी चारच्या सुमाराला घरात एक अबोल हालचाल सुरू व्हायची. उजेड पिवळा पडायचा. कावळे विनाकारण जागा बदलायचे. कधी नवलगुंदच्या काळ्या रानाकडून, कधी घाटाच्या बाजूनं ढग चढत यायचा. आजी आत्याला हाक मारायची नाही, नुसतं माजघराचं दार उघडून ठेवायची. आत्या हातातलं काम तिथंच टाकून आत जायची. माजघराला खिडकी नव्हती. घोंगडी अंथरलेली असायची. विळी, अडकित्ता, पितळी तांब्या, जे जे चमकतं किंवा कापतं ते आजी तिथून उचलून बाहेर न्यायची. मग उंबऱ्यावर बसून अर्जुनाची दहा नावं म्हणायला लागायची. गडगडाट झाला की ही नावं घ्यायची, ही रीत आमच्याकडं मराठी घरांत तशी कन्नड घरांतही.

त्या नावांचा मी माझ्यापुरता एक उपयोग शोधला होता. लखलखलं की आजीचं पहिलं नाव सुरू व्हायचं. गडगडाट कितव्या नावाला येतो ते मी बोटांवर धरायचो. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण सावकाश म्हटलेली दहा नावं संपल्यावर आवाज आला तर वीज लांब, तिसऱ्या-चौथ्या नावाला आला तर इथं जवळच, एवढं कळायचं. आजी देवाला हाक मारत होती आणि मी तिच्या हाकेनं अंतर मोजत होतो.

आत्याजवळ ट्रान्झिस्टर असायचा. तोही बाहेर न्या, असा आजीचा आग्रह. पण तेवढ्यापुरती आत्या ऐकत नसे. आकाशवाणीचं धारवाड केंद्र १९५० सालचं, आमच्या घराच्या वयाच्या मानानं अलीकडचं. संध्याकाळी त्यावरून मल्लिकार्जुन मन्सूर गात असले की आवाज अगदी बारीक ठेवून ती कान लावून बसायची. त्या गाण्यात मध्येच ‘खर्र’ व्हायचं. बाहेर अजून काही दिसलेलं नसायचं, ऐकू तर मुळीच आलेलं नसायचं. पण आत्या म्हणायची, ‘पडली कुठंतरी.’ आम्हां पोरांना वाटायचं, पायाळू आहे म्हणून तिला कळतं. कळायचं ते रेडिओला. वीज पडते तेव्हा तिच्यातून रेडिओच्या लहरीही सुटतात आणि त्या शेकडो किलोमीटर जातात. कुठल्या रानात पडलेली असेल ती. तिचा ओरखडा मन्सूरांच्या तानेवर उमटायचा आणि तान पुढं जायची.

आम्ही घरात मराठी आणि दारात कन्नड बोलणारी माणसं. धारवाड १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्या काळापासूनची ही दोन जिभांची सवय. एरवी मला मराठी कुठं अपुरी पडत नाही. वळवाच्या वेळी पडते. मराठीत आभाळात चमकते ती वीज, झाडावर कोसळते ती वीज, आणि महिन्याचं बिल येतं तीही वीजच. कन्नडात नुसती चमक म्हणजे ‘मिंचु’, आवाज म्हणजे ‘गुडुगु’ आणि खाली येऊन मारते ती ‘सिडिलु’. मिंचु सुंदर असू शकते. मुलीच्या डोळ्यांत मिंचु असते. सिडिलु सुंदर नसते. ती शिवीत येते, शापात येते. तुझ्यावर सिडिलु पडो, असं भांडणात म्हणतात आणि म्हटल्यावर म्हणणारीच जीभ चावते. जिच्या प्रकाशात कविता सुचते ती वेगळी आणि जिच्यामुळं घराला सुतक येतं ती वेगळी, हे बयलसीमेच्या, म्हणजे उघड्या सपाट रानाच्या, शेतकऱ्यानं शब्दांतच वाटून टाकलेलं आहे.

कवितेचा विषय निघाला म्हणून सांगतो. धारवाडात पावसाचं नाव काढलं की बेंद्र्यांचं नाव येतंच. द. रा. बेंद्रे म्हणजे अंबिकातनयदत्त. घरची भाषा मराठी, कविता कन्नड, १९७३ चं ज्ञानपीठ. त्यांचं घर साधनकेरीच्या तळ्याजवळ. आजही तिथं पाऊस बघायला जाणारा माणूस निम्मा पाऊस त्यांच्या डोळ्यांनी बघतो. पण कवितांतून गाजलेला आमचा पाऊस श्रावणातला. तो जिटीजिटी लागतो, आठ-आठ दिवस, कौलांवर शेवाळ आणतो, माणसाला चहाची आणि मिरची-भज्यांची आठवण करून देतो. तो सहसा कुणाला मारत नाही. मारतो तो त्याच्या आधीचा. इकडं ज्याला अड्डमळी म्हणतात, मराठीत वळीव. वळवाला आपण मातीच्या वासाचं श्रेय देऊन मोकळे झालो. तो वास मलाही येतो, नाही असं नाही. पण तो घ्यायला खिडकी लागते, आणि खिडकीला भोवती भिंत.

धारवाड सह्याद्रीच्या पाठीवर, साधारण साडेसातशे मीटर उंचीवर. पश्चिमेला मलनाडाचं जंगल, पूर्वेला झाड दिसणार नाही अशी काळी सपाट जमीन. मे महिन्यात ही जमीन दिवसभर तापते. समुद्राकडून ओल येते. तापलेली हवा ती ओल घेऊन उठते आणि उठतच राहते, बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत. वर इतकी थंडी असते की धारवाडच्या उन्हाळ्यावर बर्फ तरंगत असतो. त्या ढगाच्या पोटात लहान गारा आणि बर्फाचे स्फटिक एकमेकांवर घासतात; हलके धन भार घेऊन वर जातात, जड ऋण भार घेऊन खाली राहतात. पाऊस पडायला लागला की त्याच्याबरोबर गार झालेली हवा धपकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडं पसरते. पावसाच्या आधी दहा मिनिटं जो गार वारा अंगाला लागतो आणि ‘आहा’ म्हणवतो, तो हाच. हाच वारा पत्रे उचलतो. आंब्यांचं काय करतो ते विचारायलाच नको.

धारवाडचा हापूस रत्नागिरीच्या हापूसाइतका मिरवत नाही, पण आहे. केलगेरीच्या बाजूला बागा आहेत. आमचीही एक लहानशी बाग होती, वाटेकऱ्याकडं दिलेली, आणि तिथं एक राखणदार. आम्ही पोरं त्याला अज्जा म्हणायचो. तो सगळ्या पोरांना ‘तम्मा’ म्हणायचा. घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतलेला, पाऊस असो नसो. त्याची एक गाय होती आणि त्या वर्षी तिला वासरू झालं होतं.

मी चौथीतून पाचवीत गेलो होतो, तो मे महिना. वळीव येणार असं दिसलं की पोरं घरी पळत नाहीत, बागेकडं पळतात. सोसाट्याचा वारा सुटला की आंबा मागावा लागत नाही. आम्ही पाचजण होतो. साधनकेरीच्या पुढं गेलो तेव्हा धुळीनं समोरचं दिसेना. बागेत पोचलो तर कैऱ्या टपटप नव्हे, धबधब पडत होत्या. सदऱ्याची झोळी करून वेचत होतो, एकमेकांच्या हातातल्या हिसकावत होतो, आणि पहिली गार माझ्या कानशिलावर बसली तेव्हा मी हसलो होतो, हे मला आठवतं.

अज्जा ओरडत आला. ‘वळग बर्रो! वळग!’ आत या, आत. त्यानं एकेकाला दंडाला धरून विहिरीवरच्या इंजिनाच्या खोलीत कोंबलं. विटांची खोली, वर कौलं, आत डिझेलचा वास. दाराशी उभा राहून त्यानं आम्हांला मोजलं. पाच. मग तो परत फिरला. गाय झाडाला बांधलेली होती.

मधलं मी बघितलं नाही. कुणीच बघितलं नाही. खोलीतल्या फटींतून एकदम असा पांढरा उजेड आला की इंजिनाची नटबोल्टं दिसली, आणि आवाज त्याच्याबरोबरच. एकही नाव म्हणायला सवड नव्हती.

वासरू वाचलं. त्याला त्यानं आधी सोडलं होतं. गाय आंब्याच्या बुंध्याशी पडली होती आणि तिच्यापासून चार हातांवर अज्जा. अंगावर जखम म्हणावी अशी दिसत नव्हती, करगोट्याच्या रेघेत तेवढा काळा वळ. डोळे मिटलेले होते की उघडे, यावर आम्हां पाचजणांचं नंतर कधी एकमत झालं नाही. माणसं जमली ती दहा पावलं लांब थांबली. वीज अजून अंगात आहे, हात लावू नका, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी ऐकलं. मी आता या वयात जे वाचलं आहे त्याप्रमाणं विजेचा मार लागलेल्या माणसाच्या अंगात काहीही उरत नाही. हात लावणाऱ्याला काही होत नाही. त्याचं हृदय थांबलेलं असलं तरी लगेच छातीवर दाब देत राहिलं तर काहीजण परत येतात. देशात काही ठिकाणी अजून माणसाला शेणात पुरून वीज उतरवू बघतात. आमच्याकडं तेही केलं नाही. आम्ही उभे राहिलो. गारा वितळेपर्यंत.

आणि मग त्याची बायको आल्यावर, तिनं ऊर बडवायला सुरुवात करायच्याही आधी, गर्दीतल्या एका जाणत्या माणसानं तिला विचारलं, तुझा नवरा पायाळू होता का?

तिला ते ठाऊक नव्हतं. कसं असणार? तो कुठल्यातरी शेताच्या बांधावर जन्मला असेल. त्याचे पाय आधी आले की डोकं, हे सांगणारं माणूस केव्हाच गेलेलं.

घरी ही बातमी माझ्या आधी पोचली होती. मी आलो तेव्हा आत्या माजघराच्या दारात उभी होती. मला तिनं जवळ घेतलं नाही. माझ्या सदऱ्यात दोन कैऱ्या अजून होत्या, त्या तिनं काढून खाली ठेवल्या. मग आजीला म्हणाली, अगदी रोजच्या आवाजात, ‘ती माझी होती, आई. मी आत बसले म्हणून त्याच्यावर गेली.’

आजीनं तिला गप्प केलं. पण त्यानंतर आत्यानं कुणाच्या पाठीला पाय लावला नाही. माणसं काही महिने कट्ट्यावर येऊन बसत राहिली. ती आतूनच सांगायची, आता माझ्या पायात ते राहिलं नाही.

पुढं मी शिकलो, नोकरीसाठी बाहेर गेलो, जमेल तसा धारवाडला येत राहिलो. वादळांच्या बातम्या मी वाचतो, जशी काही माणसं आपल्या गावच्या मृत्यूंचं सदर वाचतात. अकोल्याजवळच्या पारसला ९ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी देवस्थानाच्या पत्र्याच्या मंडपात माणसं जमली होती. वाऱ्यापावसात जुना कडुनिंब त्या मंडपावर पडला. सातजण गेले. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला धुळीचं वादळ आलं आणि अवाढव्य जाहिरात-फलक पेट्रोल पंपावर आडवा झाला. सतराजण. तिथं वाऱ्याला दोष द्यायचा की फलक उभारणाऱ्यांना, यावर बोलणं झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. खरी चक्री वावटळ, जिला जग टोर्नेडो म्हणतं, ती आपल्या दख्खनला फारशी ठाऊक नाही. आमच्या रानात मार्चमध्ये धुळीचा भोवरा उठतो, त्याला कन्नडात सुंटरगाळी म्हणतात, पोरं त्याच्यात भूत आहे म्हणून थुंकतात आणि तो बांधावर जाऊन विरतो. पण १७ मार्च १९७८ ला दिल्लीच्या विद्यापीठाच्या भागात खरा टोर्नेडो आला आणि काही मिनिटांत अठ्ठावीस माणसं घेऊन गेला. २६ एप्रिल १९८९ ला बांगलादेशातल्या दौलतपूर-साटुरियात आला तेव्हा सुमारे तेराशे. जगाच्या नोंदीत टोर्नेडोनं एका वेळी इतकी माणसं मारल्याची दुसरी घटना नाही.

वीज सहसा अशी एका वेळी मोजण्याजोगी माणसं नेत नाही. ती एकेक नेते. म्हणून तिची बातमी आतल्या पानावर, दोन ओळींत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ या एका वर्षात भारतात विजेनं मेलेल्यांचा आकडा २,८८७ आहे. त्या वर्षी निसर्गाच्या तडाख्यानं जेवढी माणसं गेली त्यांत तिसऱ्या हिश्शाहून जास्त. पूर, ऊन, थंडी, दरडी, कुणीही तिच्या पुढं नाही. तरी केंद्राच्या तेव्हाच्या आपत्तींच्या बारा नावांच्या यादीत गारपीट होती, थंडीची लाट होती, पिकावरची कीड होती, वीज नव्हती. काही राज्यांनी तिला आपापल्या यादीत घेतलं. अज्जाच्या वेळी कुठलीच यादी नव्हती. पंचनाम्यात गाईची किंमत लिहिली होती, हे मला वडिलांनी सांगितलं.

या २,८८७ माणसांत पायाळू किती, असं विचारणारा रकाना त्या अहवालात नाही. रकाना नसला तरी बातम्यांच्या त्या दोन ओळींत बाकी सगळं असतं. शेतात काम करताना. गुरं राखताना. पावसापासून आडोसा म्हणून झाडाखाली उभे असताना.

मला जे आत्याला सांगायचं होतं ते असं. ढगातून निघालेली वीज एकदम खाली येत नाही. ती पायऱ्या पायऱ्यांनी उतरते, एकेक पायरी पन्नासेक मीटरची, दर पायरीला चाचपडत, फाटे फोडत. जमिनीपासून किलोमीटरभर वर असताना आपण कुठं पडणार हे तिलाही ठाऊक नसतं. ती जवळ आली की खालून, झाडाच्या शेंड्यातून, घराच्या कोपऱ्यातून, उभ्या माणसाच्या डोक्यातून विजेचे बारीक धागे वर निघतात. ज्याचा धागा आधी भेटला त्याची वाट ठरली. सगळा निवाडा शेवटच्या शंभरेक मीटरांत. त्यात कुणाचा जन्म बघायला सवड नाही. माळमड्डीच्या माजघरातल्या बाईसाठी निघालेली वीज केलगेरीला वळत नाही. ती निघालेलीच नसते कुणासाठी.

आणि आणखी एक. झाडावर पडलेली वीज बुंध्यातून जमिनीत उतरते आणि पाण्यात खडा टाकल्यावर वलयं पसरतात तशी पसरते. बुंध्याजवळ जोर जास्त, लांब कमी. जवळ उभ्या असलेल्याचा एक पाय बुंध्याकडं आणि दुसरा त्याच्यापुढं फाकलेला असेल तर दोन पायांखालच्या जमिनीत फरक पडतो, आणि तो फरक भरून काढायला वीज एका पायानं चढते, दुसऱ्यानं उतरते. गाईच्या पुढच्या आणि मागच्या पायांत तर आणखी जास्त अंतर, मध्ये काळीज. म्हणून एका झाडाखाली माणूस जखमी होतो आणि गुरं मरतात. उघड्या रानात सापडलात तर झाडापासून दूर, दोन्ही पाय जुळवून, उकिडवे बसा, आडवे पडू नका, असं आता सांगतात. म्हणजे विजेचा पायांशी संबंध आहेच, आत्या. जन्मताना ते आधी आले की नंतर, याच्याशी नाही. मरताना ते कुठं उभे होते, याच्याशी.

हे मी तिला कधी सांगितलं नाही. सुट्टीत यायचो तेव्हा सांगू म्हणायचो. मग तिच्यासमोर बसलो की वाटायचं, आता ऐंशीच्या बाईला विज्ञान काय शिकवायचं. खरं कारण वेगळं होतं. वीज तिची नव्हती असं एकदा ठरलं असतं, तर अज्जा परत बाहेर का होता, हा प्रश्न मोकळा राहिला असता. आम्ही पाच पोरं त्या संध्याकाळी बागेत गेलो नसतो तर गाय-वासरू घेऊन तो आधीच खोलीत असता. आत्यानं तो दोष तेवढी वर्षं स्वतःच्या पायांवर घेऊन ठेवला होता, आणि मी तो तिथंच राहू दिला.

आता फोनवर वीज दिसते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे, कर्नाटकाच्या आपत्ती केंद्राचं ‘सिडिलु’ आहे. नाव बघा, मिंचु नाही ठेवलं, सिडिलु. ठिकठिकाणी बसवलेली यंत्रं विजेच्या रेडिओ-लहरी पकडतात आणि त्या कुठून आल्या ते काढतात. आत्याच्या ट्रान्झिस्टरची ‘खर्र’च ती, फक्त तिला आता पत्ता मिळालेला. मे महिन्यात संध्याकाळी मी पुण्यात बसून नकाशा धारवाडवर आणतो. ठिपके उमटतात. कलघटगी. अण्णिगेरी. केलगेरी. प्रत्येक ठिपक्याखाली कुणीतरी आहेच असं नाही. बहुतेक ठिपक्यांखाली कुणी नसतं. ज्याच्या हातात तो फोन असायला हवा त्याचे हात त्या वेळी गाईचा कासरा सोडवण्यात गुंतलेले असतात.

आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची होऊन, अंथरुणात, झोपेत गेली. ऑक्टोबर होता. परतीचा पाऊस, इकडचा हिंगारी, तोही गडगडाट घेऊनच येतो. आम्ही पोचेपर्यंत दुपार झाली. तिला अंगणात आणून तिरडीवर ठेवलं होतं. दोन्ही पायांचे अंगठे पांढऱ्या सुतानं एकमेकांना बांधलेले. ते पाय मी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होतो. टाचांना भेगा, अंगठ्याचं नख जाड, बाकी कुणाचेही असावेत असे. भटजी मंत्र म्हणत होते. पूर्वेकडून आभाळ भरून आलेलं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आलं असलं तरी आता त्याचं काय, असं वाटलं असेल.

पहिली चमक झाली. मी सवयीनं मोजायला लागलो. सातव्या नावाला आवाज आला.

तेव्हा गर्दीतून शेजारच्या घरची म्हातारी पुढं आली. कन्नड घरातली, आत्याहून चार-पाच वर्षांनी लहान. कधीकाळी तीही आमच्या कट्ट्यावर कमरेला हात लावून बसायची. आभाळाकडं बघून ती एकदम ओरडली, ‘वळग तगोंड होग्री! अक्कार्न वळग तगोंड होग्री!’

आत न्या. बाईंना आत न्या.

कुणी हसलं नाही. भटजी मंत्र म्हणायचे थांबले. दुसरी चमक झाली आणि या वेळी चौथ्याच नावाला कडाडलं. आम्ही चौघांनी तिरडी उचलली, उंबऱ्याशी जरा वाकडी केली, आणि तिला माजघरात नेऊन ठेवलं. कुणीतरी कोपऱ्यातला पितळी तांब्या उचलून बाहेर नेला.